लेथ घ्यायची तर कोणती?

नागभीडला आमच्या घराच्या छपरावर एक कवेलू बाकीच्यांपेक्षा लाल दिसते. ते तसे का, हे आधी सांगतो. म्हणजे पुढचे सारे समजायला सोपे जाईल.

गोष्ट २०१७ सालची. आमचा दादा आयटीआयचा टर्नर. नागपूरच्या एका कारखान्यात लोखंडाच्या लेथवर त्याची अकरा वर्षे गेली. कारखाना बंद पडला आणि तो पेटीभर हत्यारे घेऊन छोट्या गाडीने घरी आला. तेव्हा नागपूर-नागभीड छोटी रेल्वे चालू होती. रुंद मार्गाच्या कामासाठी ती २०१९ मध्ये बंद झाली. वडिलांची हयात लाकूड डेपोवर हमालीत गेलेली. ओंडक्यावर कुऱ्हाडीचा दांडा आपटून तो आतून पोकळ आहे की भरीव, हे ते आवाजावरून सांगत. बापलेकांच्या बोलण्यातून विचार निघाला की लाकडाची लेथ घ्यावी आणि कातकाम सुरू करावे. आपल्या भागाला झाडीपट्टी म्हणायचे, बल्लारशा आणि आलापल्लीचा साग देशभर जायचा, आणि आपल्या घरातल्या पलंगाचा कातलेला पाय मात्र बाहेरगावाहून आणायचा, हे आम्हाला खटकत होते.

एका विक्रेत्याने अठ्ठावीस हजारांत मशीन दिली. लोखंडी अँगलची चौकट, त्यावर दोन हॉर्सपॉवरची मोटार, दोन टप्प्यांची पुली. "दोन एचपी आहे, काहीही फिरवा," असे तो म्हणाला होता. लाटणी निघाली, चौरंगाचे पाय निघाले, पाळण्याचे खांब निघाले. मग एका गिऱ्हाइकाने शिवणीचा चौदा इंची तुकडा आणला आणि परात कातून मागितली. दादाने तुकडा फेसप्लेटवर स्क्रूने आवळला आणि बटण दाबले. मशीन जमिनीवरून चालू लागली. चालू लागली म्हणजे खरोखरच पुढे सरकत निघाली. दादा बटणाकडे हात नेतो तोवर तुकडा सुटला, त्याच्या कानाजवळून वर गेला आणि कवेलू फोडून अंगणात पडला. माय चुलीपासून धावत आली. तिने आधी दादाचे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले, मग म्हणाली, "मशीन गेली तं जाऊ दे बाबू, डोकं राहिलं ना."

अलीकडे ब्रह्मपुरी, सिंदेवाही, तळोधीकडची तरुण मुले आमच्याकडे येतात. कोणाला कर्ज मंजूर झालेले असते, कोणाच्या वडिलांची निवृत्तीची रक्कम हाती आलेली असते. सारे एकच विचारतात, लेथ घ्यायची तर कोणती? किती एचपीची? त्यांना आम्ही आधी ते कवेलू दाखवतो.

चूक एचपीची नव्हती. कातकामात एक साधा हिशेब आहे. लाकडाचा व्यास इंचांत घ्यायचा आणि त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणायचे. उत्तर सहा हजार ते नऊ हजारांच्या मध्ये राहावे. तीन इंची पायाला दोन ते तीन हजार फेरे चालतात. बारा इंची परातीला पाचशे ते साडेसातशे. आमच्या मशीनचे सर्वांत कमी फेरे सातशे होते. चौदा गुणिले सातशे, झाले नऊ हजार आठशे. तेही गोल झालेल्या, तोल आलेल्या लाकडासाठीचे गणित. ओबडधोबड तुकडा पहिल्यांदा फिरवायचा तर याहून खाली, दोनशे-तीनशेवर सुरुवात करावी लागते. आमच्या मशीनला इतके हळू फिरताच येत नव्हते. म्हणून लेथ बघायला गेलात तर "किती जोरात फिरते" हे विचारू नका. "किती हळू फिरते" हे विचारा. चांगली लेथ मिनिटाला शंभराच्या आसपास किंवा त्याहूनही कमी फेऱ्यांवर, न अडखळता, जोर न सोडता फिरते. तिची किंमत मुख्यतः याच गोष्टीची असते.

दादासारखा शिकलेला टर्नर कसा फसला, असे कोणी विचारील. लोखंडाच्या लेथवर हत्यार यंत्राच्या गाडीत आवळलेले असते. चाक फिरवले की गाडी सरकते आणि हत्यार कापते. लाकडाच्या लेथवर हत्यार माणसाच्या हातात असते आणि फक्त एका टेकूवर टेकवलेले असते. लोखंडाचा तुकडा बहुधा गोल आणि एकसारखा येतो. लाकूड एका बाजूला ओले, दुसऱ्या बाजूला गाठीचे. त्यामुळे यंत्राची मापे लाकडासाठी वेगळी लागतात, आणि ही मापे आयटीआयच्या टर्नर ट्रेडमध्ये शिकवत नाहीत. दादाला ती छपराने शिकवली.

यंत्र निवडण्याआधी काम निवडावे लागते. कातकाम दोन जातीचे. एक लांब काम: पाय, खांब, कठड्याचे दांडे, लाटणी. यात लाकूड दोन टोकांच्या मध्ये धरतात. दुसरे तोंडाचे काम: वाटी, परात, पोळपाट, डबा. यात लाकूड एकाच बाजूने, चकवर किंवा फेसप्लेटवर धरतात. लांब काम करणाऱ्याने दोन टोकांमधले अंतर पाहावे. तोंडाचे काम करणाऱ्याने बेडवर किती व्यासाचे लाकूड फिरू शकते ते पाहावे. परदेशी कंपन्या ही दोन मापे कधी कधी नावातच घालतात. अमेरिकेच्या पॉवरमॅटिकची ३५२० म्हणजे टोकांमध्ये ३५ इंच आणि व्यास २० इंच. कॅनडाच्या वनवेची २४३६ म्हणजे व्यास २४ आणि टोकांमध्ये ३६. ज्याला फक्त पलंगाचे पाय करायचे आहेत त्याने २४ इंची व्यासासाठी पैसे मोजणे म्हणजे सायकलच्या कामाला ट्रक घेणे. उलट ज्याला परातीच करायच्या आहेत त्याला सहा फुटी बेड निरुपयोगी.

मग वजन. याबाबत आमचे मत पक्के आहे आणि ते आम्ही कोणाच्या सांगण्याने बदलणार नाही. हलकी लेथ घेऊ नका. वर सांगितलेल्या पॉवरमॅटिकसारख्या मशीनचे वजन तीनशे किलोंच्या वर असते. ते ओतीव लोखंडाचे असते, कारण ओतीव लोखंड थरथर पिऊन टाकते. अँगलची चौकट थरथर पुढे पाठवते, ती हत्याराच्या मुठीत येते आणि मग लाकडावर पट्टे उमटतात. ते पट्टे घासून काढण्यात दिवस जातो. आमच्या पहिल्या मशीनवर एक वाटी कातायला अर्धा तास आणि घासायला दोन तास लागत. जमीन शेणाने सारवलेली असेल तर आधी तेथे काँक्रीट टाका आणि मशीन बोल्टने आवळा. पायांच्या मध्ये फळी टाकून तिच्यावर वाळूची पोती ठेवली तरी फरक पडतो. पोती फुकट आहेत.

तिसरी गोष्ट दिसायला बारीक, पण पुढे सर्वांत महाग पडते. लाकूड ज्या दांड्यावर फिरते त्या स्पिंडलचा आटा कोणत्या मापाचा आहे? जगात मोठ्या लेथला बहुधा ३३ मिलिमीटर व्यासाचा, साडेतीन मिलिमीटर पिचचा आटा असतो, किंवा सव्वा इंची, इंचाला आठ फेऱ्यांचा. आत दोन नंबरचा मोर्स टेपर असतो. हे माप असले की चार जबड्यांचा चक कोठूनही मागवता येतो. आमच्या पहिल्या मशीनचा आटा बनवणाऱ्याच्या मनात आला तसा होता. कोणताही चक बसेना. शेवटी दादाने नागपूरला जाऊन जुन्या सोबत्याकडून मधला तुकडा कातून आणला. जाण्या-येण्याचे दोन दिवस आणि दोन दिवसांची मजुरी बुडाली.

मशीन बघायला जाताना खिशात एक रुपया आणि सोबत एखादा टर्नर असू द्या. दोन्ही बाजूंची टोके बसवून मागची बाजू पुढे सरकवा. टोकाला टोक अचूक भिडले पाहिजे. केसभर वरखाली चालत असेल तर लांब काम वाकडे येईल आणि खोल भोक तिरपे जाईल. मग रिकामी मशीन चालू करून नाणे हेडस्टॉकवर उभे करा. चांगल्या मशीनवर ते उभे राहते. आमच्यावर ते ठेवताच पडले असते, पण ठेवून पाहायचे आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते. अर्धा तास चालवून बेअरिंगच्या जागी हात लावा. कोमट चालेल, चटका नको. हत्याराचा टेकू सरकवा, आवळा, सोडा. हे दिवसातून शंभर वेळा करावे लागते. तेथे पान्हा लागत असेल तर तुमचा निम्मा जीव त्या पान्ह्यात जाईल.

आता वीज. आपल्याकडे बहुतेक घरांत सिंगल फेजच आहे आणि उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज किती उतरते हे सर्वांना ठाऊक आहे. पूर्वी फेरे बदलायचे तर पट्टा एका पुलीवरून दुसरीवर टाकावा लागे. आता व्हीएफडी नावाचा डबा येतो. राइस मिलवाल्यांकडे तो पाहायला मिळेल. बटण फिरवले की मोटारीचा वेग हवा तसा कमी-जास्त होतो. दोन-तीन एचपीपर्यंत सिंगल फेजची वीज घेऊन थ्री फेज मोटार चालवणारे व्हीएफडी मिळतात. मात्र त्यातून २३० व्होल्टच निघतात, ४१५ नाही. म्हणून मोटार २३० व्होल्टला डेल्टा जोडणीत चालणारी हवी. हे मोटारीच्या पाटीवर वाचावे किंवा वाइंडिंगवाल्याकडून तशी जोडून घ्यावी. हे न बघता जोडलेली मोटार फिरते, पण ओझे पडले की मान टाकते.

आणि एक. व्हीएफडी असला म्हणजे पुलीचे टप्पे नकोत, असे विक्रेते सांगतात. ते खरे नाही. व्हीएफडीवर मोटार फार हळू केली की मोटारीच्या पंख्याचा वाराही कमी होतो आणि मोटार तापते. हळू वेगाला अंगचा जोर हवा असेल तर निदान दोन टप्प्यांची पुली असावीच. डबा बंद पेटीत ठेवा. लाकडाचा भुगा त्याच्यात शिरला तर तो एका पावसाळ्यातच जातो. स्वतंत्र वायर, पक्के अर्थिंग, आणि बंद करण्याचे लाल बटण गुडघ्याने दाबता येईल अशा जागी. तुकडा सुटतो तेव्हा हात मोकळे नसतात.

परदेशी मशीनचे काय, असे मुले विचारतात. आज मोबाइलवर सर्व दिसते. पॉवरमॅटिक, वनवे, अमेरिकेची रोबस्ट, ऑस्ट्रेलियाची विकमार्क, ही सारी उत्तम यंत्रे आहेत यात वाद नाही. पण पॉवरमॅटिकच्या त्या मशीनला अमेरिकेतच पाच हजार डॉलरांच्या वर पडतात. म्हणजे जहाजाचे भाडे, जकात आणि जीएसटी धरण्याआधी चार लाखांच्या पुढे. वर बेअरिंग किंवा सर्किट गेले तर भाग येईपर्यंत हप्ता थांबत नाही. ज्याचा माल मोठ्या शहरातल्या दुकानांत किंवा परदेशात आधीच जातो आहे, जो रोज आठ तास वाट्या आणि पराती कातणार आहे, त्याने ती घ्यावी; तिचे पैसे निघतील. ज्याला अजून गिऱ्हाईक शोधायचे आहे त्याने त्या मशीनची मापे घ्यावीत, मशीन घेऊ नये. आम्ही तेच केले.

पंजाबात बटाला आणि गुजरातेत राजकोट ही लेथ बनवणारी जुनी गावे आहेत. तेथील लोखंडाच्या जुन्या लेथ आपल्याकडे भंगारात निघतात. त्यांच्या गाडीचे दाते झिजलेले असतात, पण ओतीव बेड शाबूत असतो. २०२४ मध्ये आम्ही असा एक आठ फुटी बेड वजनावर घेतला. दादाने गाडी काढून टाकली, हेडस्टॉक आणि टेलस्टॉक दोन्हींखाली एकाच मापाचे ठोकळे देऊन वीस इंची लाकूड फिरेल इतकी उंची काढली. स्पिंडल नवीन करून घेतला, ३३ मिलिमीटर आट्याचा. दोन एचपी मोटार, व्हीएफडी, तीन टप्प्यांची पुली. दोन्ही टोके एका रेषेत आणायलाच त्याला नऊ दिवस लागले. अकरा वर्षांची टर्नरकी तेथे कामी आली. ज्याच्या घरी असा माणूस नाही त्याने हे करू नये. सरळ नवीन, ओतीव बेडची, वर सांगितलेल्या मापांची लेथ बनवून घ्यावी आणि पैसे चाचणीनंतर द्यावेत. आम्हाला सर्व मिळून पावणेदोन लाख लागले. त्यातले चाळीस हजार चक, ग्राइंडर आणि हायस्पीड स्टीलच्या पटाशांचे. हा खर्च लोक विसरतात. बोथट पटाशीला दहा लाखांची लेथही वाचवू शकत नाही.

पैशाचे सांगायचे तर १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकाम आहे. हत्यारांसाठी पंधरा हजारांपर्यंत आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, ते फेडल्यावर दोन लाख. पहिल्या लाखाची फेड अठरा महिन्यांत, म्हणजे महिन्याला पाच हजार सातशे-आठशे रुपये. हा आकडा आधी भिंतीवर लिहा आणि तेवढ्याची लाटणी महिन्यात विकतील का ते मोजा, मग सही करा. या योजनेत एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. मोठ्या रकमेसाठी पीएमईजीपी आहे. तिच्यात ग्रामीण भागातल्या अनुसूचित जातीच्या अर्जदाराला ३५ टक्के अनुदानाची तरतूद आहे. बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या, तेव्हा जातीचा दाखला नीट तयार ठेवा. १९७८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले महामंडळाच्या जिल्हा कार्यालयातही विचारावे. अर्जाच्या दिवशी कोणते नियम लागू आहेत हे तेथेच तपासा. शेजाऱ्याने तीन वर्षांपूर्वी काय केले यावर जाऊ नका.

लाकडाबाबत डेपोचे वडील बोलतात ते ऐकण्यासारखे असते. कातायला सागच हवा असे नाही. हळदू पिवळा, बारीक कणाचा, हत्याराखाली लोण्यासारखा निघतो. कळंब आणि शिवणही चांगले. काळा कुडा बारीक वस्तूंना उत्तम. कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या खेळण्यांचे लाकूड तेच. सागाच्या भुग्याने काहींच्या अंगाला खाज सुटते, नाकातोंडाला फडके पुरत नाही, मास्क घ्या. लाकूड डेपोच्या लिलावाचे असो की फर्निचरवाल्याकडचे उरलेले तुकडे, पावती आणि वाहतूक पास जपून ठेवा. १९९६ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशांनी आरा गिरण्यांचे नियम कडक झालेले आहेत, म्हणून लेथसोबत पट्टी आरा लावायचा विचार असेल तर आधी वन परिक्षेत्र कार्यालयात विचारा.

बिज्याचे पेले फार मागतात. रात्रभर पाणी ठेवायचे, सकाळी प्यायचे, साखरेचा आजार जातो, अशी समजूत आहे. पेला आम्ही कातून देतो, पण आजार जातो असे सांगून विकत नाही. गोळ्या डॉक्टरांच्याच घ्यायच्या, हे वहिनी प्रत्येकाला बजावते. एकदोन गिऱ्हाइके त्यावरून परत गेली.

भन्तेंना दान द्यायचे म्हणून लाकडी पात्रही कोणी कोणी मागतात. तेव्हा आम्ही नम्रपणे सांगतो की विनयात भिक्षूंना लाकडी पात्राची मनाई आहे. राजगृहाच्या श्रेष्ठीने चंदनाचे पात्र करवून उंच टांगले, पिंडोल भारद्वाजांनी ते चमत्काराने उतरवले, आणि बुद्धांनी त्यांना फटकारून ते पात्र फोडायला लावले. पात्र मातीचे किंवा लोखंडाचे असावे. पण कातणाऱ्याला मात्र धम्मात मानाची जागा आहे. सतिपट्ठान सुत्तात भमकार येतो. भमकार म्हणजे कातारी. तेव्हाची लेथ दोरीने ओढायची. कुशल कातारी आणि त्याचा शिकाऊ हे दोरीची लांब ओढ कोणती आणि आखूड कोणती हे जसे ओळखून असतात, तसा आपला श्वास ओळखावा, असा तो दृष्टान्त आहे. दादाने हे ऐकले तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे शिकाऊचंबी नाव आहे त्यात."

आमच्याकडे शिकाऊ म्हणजे वहिनी. लाटणी आणि पोळपाट आता तीच कातते. तिचे नियम दादापेक्षा कडक आहेत. पदर खोचलेला, केस बांधलेले, बांगड्या काढून खुंटीवर, तोंडावर पारदर्शक ढाल. हातमोजे अजिबात नाहीत, कारण फिरत्या लाकडात मोजा अडकला की हातासकट जातो. पोरे सहा फुटांच्या रेघेबाहेर. ती रेघ तिने चुन्याने आखली आहे आणि दर पंधरा दिवसांनी पुन्हा आखते. मागच्या महिन्यात तिने शिवणीची सोळा इंची परात पूर्ण केली. सुरुवात दोनशे फेऱ्यांवर, गोल झाल्यावर साडेचारशे. वडील पूर्ण वेळ रेघेबाहेर खुर्ची टाकून बसले होते आणि अधूनमधून वर कवेलूंकडे पाहत होते.

कोणाला मशीन बघायची असेल तर अवश्य या. दुपारी दोननंतर यावे. सकाळी व्होल्टेज बरे असते, तेव्हा आम्ही कामात असतो.